घरच्या शेडसाठी वेल्डिंग मशीन आणि कंप्रेसर : पैसे कुठं घालायचे, कुठं वाचवायचे

दोन्ही वस्तू एकाच बजेटमध्ये बसवायच्या म्हटलं की बहुतेक जण वेल्डिंग मशीनवर हात सैल सोडतात आणि उरलेल्या पैशात जो बसेल तो कंप्रेसर उचलतात. माझं मत बरोबर उलटं हाय. घरच्या कामाला वेल्डिंग मशीन मध्यम घेतलं तरी भागतं, कंप्रेसर मात्र हलका घेतला की रोज डोक्याला ताप. शेड बेळगावात अनगोळच्या पुढं, घराच्या मागं, कनेक्शन सिंगल फेज. काम म्हणजे गेट, ग्रिल, शेडचे पाइप, भावकीतल्या ट्रॉलीचा फाळका, कुळवाची पास, आणि मग त्यावर रेड ऑक्साइड आणि रंग मारणे. फॅब्रिकेशनचा धंदा करणाऱ्यांनी हे वाचून वेळ घालवू नये, तुमचं गणित वेगळं.

वेल्डरचं आधी. मी घेतलं ते २०० अँपचं आयजीबीटी इन्व्हर्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारं हलकं मशीन, साधं आर्क, म्हणजे रॉडचं. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या शेडमध्ये अजून ते ऑइलनं गार होणारे मोठे ट्रान्सफॉर्मर सेट दिसतात, हलवायला दोन माणसं लागतात, पण मरत नाहीत ती मशीनं. मात्र त्यातली बरीचशी दोन फेजवर चालतात, त्यामुळं घरच्या कनेक्शनवर तो विषयच संपला. इन्व्हर्टर एका हातानं उचलून गेटपाशी न्यायचं, आर्क मऊ, करंट डीसी, रॉड चिकटला तर मशीन आपोआप करंट पाडतं. नवशिक्यानं तर हेच घ्यावं. खोट एकच, धूळ. ग्राइंडरची लोखंडी पूड आत बोर्डावर बसली की शॉर्ट. म्हणून मशीन ग्राइंडिंगच्या जागेपासून लांब ठेवायचं आणि अधूनमधून प्लग काढून कोरड्या हवेनं आतलं झाडायचं. बघा, इथंच कंप्रेसर लागला.

आता स्टिकरचा खेळ. बॉक्सवर २०० लिहिलंय, शेजारच्या बॉक्सवर २५०, किंमत हजारभर जास्त, आणि दुकानदार म्हणतो "काका, मोठंच घ्या की, पुढं कामाला येईल." त्याला एवढंच विचारायचं की ड्युटी सायकल किती. दहा मिनिटांत किती मिनिटं त्या करंटवर चालेल ते म्हणजे ड्युटी सायकल. ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं गार होणं, आणि चांगल्या कंपन्या हे ४० डिग्री तापमान धरून देतात. एसाब, एडोर असल्यांच्या प्लेटवर हा आकडा सरळ छापलेला असतो. ज्या डब्यावर अँप मोठ्या अक्षरात आणि ड्युटी सायकल कुठंच नाही, तो २०० चा आकडा फक्त रंगवलेला समजा. माझ्या मशीनचं ब्रँड नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तेच डिझाईन निरनिराळ्या नावांच्या स्टिकरनं मिळतं, नाव बघून काही कळत नाही.

आणि खरं सांगू का, २०० अँप घरात काढताच येत नाहीत. हिशोब बघा. २.५ एमएमचा रॉड साधारण ६० ते ९० अँपवर जळतो. ८० अँपला आर्कचा व्होल्टेज २३ च्या आसपास, म्हणजे दोन किलोवॅटला थोडं कमी, त्यात मशीनचा लॉस आणि पॉवर फॅक्टर धरला की मेनमधून १३-१४ अँप ओढ. १६ अँपच्या प्लगवर हे निभतं. ३.१५ चा रॉड १२० अँपवर लावला की तीच ओढ २१-२२ वर जाते, आणि संध्याकाळी शेताकडच्या लाइनला मोटारी सुरू होऊन व्होल्टेज १९० वर आला की २६. इथं १६ चा प्लग तापतो, पिन काळी पडते. पूर्ण २०० काढायचे झाले तर ४० अँपच्या वर. घराचा मंजूर लोड दोन-तीन किलोवॅट असताना ४० अँप कुठनं आणणार? म्हणून २५०, ३०० च्या मागं लागू नका, ते हजार-दोन हजार वायरिंगला घाला. मीटरपासून शेडपर्यंत वेगळी ४ स्क्वेअरची (म्हणजे ४ चौरस एमएम जाडीची) तांब्याची वायर, ३२ अँपचा सी-कर्व्ह एमसीबी (सुरुवातीचा झटका सोसणारा, पण जादा करंटला आपोआप पडणारा स्विच), नीट अर्थिंग, आणि इंडस्ट्रियल सॉकेट. हेस्कॉमकडं, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडं, लोड वाढवून घ्यायचा असेल तर तेही तेव्हाच उरका. गिऱ्हाइकाची कामं घ्यायला लागला तर घरगुती कनेक्शन चालत नाही, हे पण ध्यानात ठेवा.

एक्स्टेन्शन बॉक्स हा दुसरा शत्रू. ती गुंडाळलेली पातळ वायर, २० मीटर, १ स्क्वेअर, त्यातनं १८ अँप ओढले तर वायरीतच १३ व्होल्ट जातात आणि गुंडाळी तशीच ठेवली तर इन्सुलेशन मऊ होतं. लांब जायचंच असेल तर होल्डरची केबल लांब घ्या, तांब्याची. मशीनसोबत जी दोन-तीन मीटरची केबल येते ती बहुतेक ॲल्युमिनियमची नाहीतर तांब्याचा मुलामा दिलेली, ती काढून २५ स्क्वेअरची खरी वेल्डिंग केबल टाकली की त्याच मशीनचा आर्क सुधारतो, विश्वास बसत नाही इतका. अर्थ क्लॅम्प पण जड, पितळी घ्या.

रॉडचं म्हणाल तर घरकामाला ६०१३ नंबरचा साधा रॉड पुरे. १८ गेजचा स्क्वेअर पाइप म्हणजे १.२ एमएम, त्यावर २.५ चा रॉड धरला की भोक पडणारच, तिथं २ एमएमचा रॉड ४०-५० अँपवर आणि टॅक टॅक मारत जायचं. १६ गेज असेल तर २.५ चालतो. बेळगावच्या पावसात मात्र उघडं पाकीट महिनाभर ठेवलं की रॉड ओलावतात, तडतडतात, वेल्डला सुईसारखी भोकं पडतात. ६०१३ ला शंभर-एकशे दहा डिग्रीला तासभर सुकवलं की जमतं. ७०१८ नंबरच्या रॉडचा नाद घरी करू नका, त्याला ३०० च्या वर भट्टी लागते. मी उरलेले रॉड झाकणाच्या पाइपमध्ये ठेवतो, दोन टोकांना कॅप, झालं.

मिगचं, म्हणजे रॉडऐवजी वायर आपोआप सरकवणाऱ्या मशीनचं, बरेच जण विचारतात. गॅसलेस वायरची छोटी मिग मशीनं आता घरी पण येऊ लागलीत, पातळ पत्र्याला सोपी पडतात, पण वायर रॉडपेक्षा महाग, धूर जास्त, आणि पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची जोडणी, उलटी करावी लागते ते बरेच जण विसरतात. सीओटूची मिग झकास, पण सिलिंडर सांभाळा, आणि इथला जूनचा वारा उघड्या शेडमधनं गॅस उडवून नेतो. घरकामाला रॉडच.

काचेवर कंजूषी नको. ऑटो डार्कनिंग हेल्मेट, म्हणजे आर्क लागला की आपोआप काळं होणारं, काचेचा काळेपणा (शेड नंबर) १० किंवा ११ वर, आणि साधा काळा गॉगल चालत नाही. शेजारी उभं राहून "काय करूलालास रे" म्हणत आर्ककडं बघणाऱ्या पोरांना हाकलायचं. डोळ्याला लागलेलं लगेच कळत नाही, चार-सहा तासांनी रात्री वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी असले उपाय सोडा आणि डॉक्टरकडं जावा.

आता कंप्रेसर, जिथं खरा पैसा जायला पाहिजे.

दुकानात पुढं ठेवलेला असतो तो पांढरा, चाकांचा, आवाज न करणारा ऑइल-फ्री, एक एचपी, २४-३० लिटर टाकी. दिसायला गोड. पण हवेचा खरा आकडा एफएडी, म्हणजे दाब असताना प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा. स्टिकरवर छापतात ते पिस्टनचं डिस्प्लेसमेंट, आणि एफएडी त्याच्या साधारण ६०-७० टक्केच भरते. साधी स्प्रे गन चालवायला पाच-सहा सीएफएम लागते, एचव्हीएलपी (कमी दाबाची, जास्त हवा पिणारी) असेल तर आठ-दहा. एक सीएफएम म्हणजे २८ लिटर मिनिटाला, म्हणजे सहा सीएफएमची गन १७० लिटर पिते. त्या पांढऱ्यापेक्षा मोठ्या ५० लिटरच्या टाकीत पण ८ बारपासून (बार म्हणजे दाबाचं माप) ६ बारपर्यंत उतरताना मिळते १०० लिटर. हेड, म्हणजे हवा दाबणारा पंप, बंद धरलं तर अर्ध्या मिनिटाला टाकी खाली. हेड १०० लिटर देत असेल तर दीड मिनिटाला. मग गेटचं एक पट्टं रंगवून थांबा, हवा भरू द्या, तोवर रंगाची कड सुकते, परत मारा, जोड दिसतो. टायरात हवा भरणं, फिल्टर झाडणं, खिळ्याची गन, एवढंच करायचं असेल तर तो पांढरा छानच, आवाज पण कमी. रंग आणि इम्पॅक्ट गन (हवेवर नट खोलायची) म्हणाल तर नाही.

मी बेल्टचा घेतला, २ एचपी सिंगल फेज, १०० लिटरच्या वरची टाकी, कास्ट आयर्न हेड. किंमत वेल्डरच्या जवळपास तिप्पट, आणि एका पैशाचं वाईट वाटत नाही. दुकानात परीक्षा घ्यायची पद्धत सांगतो, कोणी नाही म्हणत नाही. टाकी पूर्ण रिकामी करून ड्रेन बंद, मशीन चालू, मोबाइलवर वेळ लावा. १०० लिटरची टाकी ८ बारला यायला पाच मिनिटं लागली तर १०० गुणिले ८ भागिले ५, मिनिटाला १६० लिटर, म्हणजे साडेपाच-पावणेसहा सीएफएम. दोन एचपीला हे ठीक. सहा-सात मिनिटं लागली तर प्लेटवर काय पण लिहिलेलं असू दे, घेऊ नका. टाकी भरून मोटर कट झाल्यावर प्रेशर स्विचमधनं 'फुस्स' ऐकू आलं पाहिजे, तो हेड आणि पाइपमधला दाब सोडतो. ते नसेल तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध सुरू होते, आपल्या व्होल्टेजला ती नुसती गुणगुणते आणि कपॅसिटर नाहीतर वाइंडिंग जातं. सेफ्टी वॉल्व्हची रिंग ओढून बघा, मोकळी पाहिजे. बेल्टगार्ड नसलेलं घरात आणूच नका, पोरं फिरतात.

एल्गी कोइमतूरची, तिचे छोटे पिस्टनचे सेट गॅरेजमध्ये दिसतात, आणि हेडचे व्हॉल्व्ह, रिंगा मिळणं हा मोठा मुद्दा. मिस्त्री येऊन तेल बघून गेला तेव्हा जाताना एवढंच म्हणाला, "दिना नीरु तगीरी." रोज पाणी काढा. आणि बेळगावात हे नुसतं सांगायला नाही, पावसाळ्यात टाकीच्या बुडातनं दर संध्याकाळी तांबूस पाणी निघतं. नाही काढलं तर टाकी आतनं सडते, बाहेरनं रंग चकचकीत. सडलेल्या टाकीला वेल्ड मारून चालवणं हा आत्महत्येचा प्रकार आहे, मशीन घरात असलं तरी तो मोह नको. सेकंडहँड टायरवाल्याची टाकी स्वस्त मिळते तिथं पण बुड बघा, हायड्रो टेस्टचा, म्हणजे पाण्याच्या दाबानं टाकी तपासल्याचा, कागद मागा. गनच्या आधी वॉटर सेपरेटर बसवा, नाहीतर रंगात डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, येतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग तर जुलैत मारूच नका, दमट हवेत पांढरट पडतो. आणि हवेची लाइन पीव्हीसी पाइपची करू नका, फुटली की तुकडे उडतात, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप नाहीतर पीयू होज (लवचिक नळी).

आवाज आहे, खोटं बोलत नाही. गल्लीत राहत असाल तर सकाळी सातच्या आधी आणि रात्री चालवू नका. टाकीखाली रबर पॅड टाकले तर फरक पडतो. वेल्डर आणि कंप्रेसर एकाच वेळी लावू नका, दोन एचपी चालताना दहा अँप घेते पण सुरू होताना पाच-सहा पट.

कुठं घ्यायचं? कोल्हापूरला दर थोडे बरे मिळतात, ११० किलोमीटर जाऊन यायचं, पण वॉरंटीला परत कोण नेणार दोन माणसांचं ओझं. ऑनलाइन वेल्डर घेतला तर चालतो, लहान आहे, कुरिअरनं परत जातो. कंप्रेसर मात्र गावातलाच, आणि नशीब आपलं गाव त्याला योग्य. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथंच सायकलच्या दुकानातनं सुरुवात केली, १९१० मध्ये बस्तान किर्लोस्करवाडीला हललं, पण लोखंडात हात घालायची खोड गावाला लागली ती लागलीच. उद्यमबाग, मच्छे भागात मोटर रिवाइंडिंगवाला, हेड लेपवाला (घासून सपाट करणारा), टर्नर, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. खरेदी करताना दुकानदाराला विचारा, व्हॉल्व्ह प्लेट आणि गॅस्केट स्टॉकमध्ये आहे का. "मागवून देतो" म्हणाला तर पुढचं दुकान बघा.

तेल पहिल्या ५० तासांनी बदला, नंतर कंपनी सांगेल तसं, कंप्रेसरचंच तेल घ्या, गाडीचं उरलेलं ओतू नका, व्हॉल्व्हवर कार्बन बसतो.