ॲनालॉग पॉकेट: घरात कॅसेट्स असतील तरच
आधी कपाटातल्या गेमच्या कॅसेट्स मोजा. (कार्ट्रिजला मी लहानपणापासून कॅसेटच म्हणते.) माझ्याकडे गेम बॉय आणि गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेन्डोच्या जुन्या हातातल्या गेम-यंत्रांच्या मिळून चौदा निघाल्या, म्हणून त्या चालवणारं ॲनालॉग कंपनीचं हातातलं नवं यंत्र, पॉकेट, घेतला. साधारण 220 डॉलर मोजले, ही चैनच, पण पडदा बघा! साडेतीन इंचांत 1600 बाय 1440 ठिपके, म्हणजे 1989च्या गेम बॉयच्या 160 बाय 144च्या आडवे-उभे दोन्हीकडे बरोब्बर दहापट. एकेक ठिपका रेखीव दिसतो. आतली एफपीजीए चिप सॉफ्टवेअरने नक्कल करत नाही, जुन्या यंत्राचं सर्किटच उभं करते. बटण दाबलं की उडी बसलीच.

कॅसेट्स जपा मात्र. जुन्या गेम बॉयच्या बऱ्याच कॅसेट्समध्ये सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, राखायला बटणाएवढा सेल असतो. एकीचा संपत आला होता, तो मी सोल्डरचा डाग काढून बदलला आणि भावाने शाळेत असताना जमवलेला सगळा खेळ पुसला गेला. आधी सेव्हची प्रत काढायला हवी होती. अजून हळहळ वाटते.

एकही कॅसेट नसेल तर थांबा. ऑनलाइन घेतलेली माझी एक बनावट निघाली. अस्सल गोळा करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.