बॅगेची तपासणी बरी, माणसाची अर्धीमुर्धी: विमानतळावरच्या सिक्युरिटी चेकचं परीक्षण

सिक्युरिटी चेकला हॉटेलसारखे तारे द्यायचे म्हटले तर एका आकड्यात भागत नाही. बॅग तपासण्याला पाचपैकी साडेतीन, माणूस तपासण्याला दोन, आणि ट्रे परत घ्यायच्या त्या शेवटच्या दोन मीटरला भोपळा. हे मुंबई, पुणे, नागपूर, गोवा अशा ठिकाणच्या देशांतर्गत प्रवासाबद्दल आहे. परदेशी जाताना द्रवपदार्थांचं वेगळं लचांड असतं, त्याबद्दल पुढे.

आधी यंत्र. बॅगेचा एक्स-रे दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या किरणांनी काढला जातो. त्यातून वस्तू साधारण कशाची आहे ते ओळखून पडद्यावर रंग भरले जातात. कपडे, कागद, साबण, खाण्याचे पदार्थ नारिंगी. काच, अ‍ॅल्युमिनियम, मीठ हिरवे. लोखंड, तांबं निळं. किरण आरपार गेलेच नाहीत तर काळं. गोम अशी की स्फोटकंही नारिंगीच दिसतात. साताऱ्याचे किलोभर कंदी पेढे, लोणावळ्याची चिक्की किंवा फणसपोळीची जाड गुंडाळी म्हणजे पडद्यावर एक घट्ट नारिंगी ठोकळा. त्याला खेटून चार्जरच्या वायरी आणि पॉवर बँक असेल तर ठोकळा, वायर, बॅटरी असं जे चित्र तयार होतं, नेमकं तेच शोधायचं प्रशिक्षण स्क्रीनरला, म्हणजे पडदा पाहणाऱ्या जवानाला, दिलेलं असतं. बॅग बाजूला निघते, उघडली जाते आणि मागची रांग तुंबते. यात त्या जवानाचा आडमुठेपणा काही नाही. त्यामुळे खाऊ आणि वायरी एकमेकांपासून लांब ठेवाव्यात. खाऊ सगळ्यात वर, वेगळ्या पिशवीत, सांगितल्यावर लगेच बाहेर काढता येईल असा.

लॅपटॉप बाहेर काढायला लावतात तेही याच कारणाने. बॅटरी आणि धातूचा पत्रा मिळून खालचं सगळं झाकून टाकतात. सीटी स्कॅनरमध्ये बॅग चहूबाजूंनी फिरवून पाहता येते, म्हणून तिथे लॅपटॉप आत राहिला तरी चालतो. मोठ्या विमानतळांवर ही यंत्रं आणायच्या मुदती पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या आहेत. तोवर लॅपटॉप, टॅबलेट, पॉवर बँक आणि चार्जर एकाच जाळीच्या पाऊचमध्ये, बॅगेच्या तोंडाशी ठेवणं हाच मार्ग. बहुतेक खोळंबा यंत्रामुळे होत नाही. यंत्रापुढे उभं राहून बॅगेचा तळ उपसणाऱ्यांमुळे होतो.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिनमध्येच हवी. मर्यादा १०० वॅट-अवर. हिशेब सोपा आहे: एमएएच गुणिले ३.७, भागिले १०००. म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-अवर, बिनधास्त न्या. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची विसरा. स्वस्तातल्या पॉवर बँकेवरचा छापील आकडा घासून गेला असेल तर ती जप्त व्हायची शक्यता मोठी, कारण जवानाला तो आकडा वाचूनच ठरवायचं असतं.

आता माणसाची तपासणी. ज्यातून चालत जावं लागतं ती धातुशोधक चौकट वाजो न वाजो, आपल्याकडे प्रत्येकाच्या अंगावरून हातातला डिटेक्टर फिरतो, शिवाय हाताने चाचपणी होते. बायकांची पडद्याआड. ती चौकट चुंबकीय क्षेत्रावर चालते. सुरी आणि पिस्तूल तिला कळतं, प्लास्टिक स्फोटक अजिबात कळत नाही. डिसेंबर २००१ मध्ये रिचर्ड रीडने बुटात आणि डिसेंबर २००९ मध्ये नायजेरियाच्या एका तरुणाने अंतर्वस्त्रात स्फोटक नेलं. दोघेही तपासणीतून सुटून विमानात चढले. स्फोट फसला आणि दोघांनाही पकडलं ते प्रवाशांनी आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांनी. म्हणून आपल्याकडची हाताने होणारी चाचपणी कितीही कटकटीची वाटली तरी तत्त्वतः चौकटीपेक्षा सरस आहे. पण ती तशी झाली तर. सकाळी सहाच्या गर्दीत डिटेक्टर बकलाला वाजतो, चेनला वाजतो, कडीला वाजतो. वाजण्याला अर्थच उरत नाही आणि हात खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरकून सुटतो. दोन गुण दिलेत ते याचेच.

यावर उपाय बॉडी स्कॅनर, म्हणजे कपड्यांखाली लपवलेली, धातूची नसलेली वस्तूही टिपणारं यंत्र. बीसीएएस या नियामक संस्थेने एप्रिल २०१९ मध्ये ८४ विमानतळांना वर्षभरात ते बसवायला सांगितलं होतं. ते वर्ष अजून पुरतं संपलेलं नाही, असंच म्हणावं लागेल. आणि स्कॅनर आला म्हणून सगळं सुटत नाही. कापडाचे थर एकावर एक आले की तो उगाच वाजू शकतो, आणि साडीच्या निऱ्या म्हणजे थरच थर.

एवढं करून हे चालतं का? अमेरिकेत २०१५ मध्ये अंतर्गत सुरक्षा खात्याच्याच माणसांनी गुपचूप बनावट स्फोटकं आणि शस्त्रं नेऊन पाहिली. ७० पैकी ६७ वेळा ती पार गेली आणि तिथल्या प्रमुखाला बाजूला केलं गेलं. आपल्याकडेही अशा चाचण्या होतात, निकाल मात्र प्रवाशांपुढे मांडले जात नाहीत. वस्तू नजरेतून सुटण्याचं कारण केवळ हलगर्जीपणा नाही. हजारो बॅगांत काहीच सापडत नाही, तेव्हा डोळा सापडण्याची अपेक्षा सोडून देतो. म्हणून यंत्र मधूनच खऱ्या बॅगेच्या चित्रात खोटं पिस्तूल घुसवतं आणि स्क्रीनरने बटण दाबलं की नाही ते नोंदवतं. युरोपात सलग पडदा पाहण्याला साधारण २० मिनिटांची मर्यादा आहे. तरीही कंदाहारचं विमान अपहरण आठवलं (ते विमान डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालं होतं) तर आजची तपासणी कुठल्या कुठे पुढे आहे. त्यानंतरच, २००० पासून, आपल्या विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफ या केंद्रीय दलाकडे जायला लागली. पिस्तूल किंवा सुरा घेऊन चढणं आज खरंच अवघड आहे. स्फोटकाबद्दल तेवढ्या खात्रीने बोलवत नाही.

डिजियात्राचा इथे उपयोग मर्यादित. चेहरा दाखवून प्रवेशद्वार आणि तपासणीच्या जागेचं फाटक पटकन पार होतं. ट्रे आणि अंगझडती जिथल्या तिथे.

द्रवपदार्थांचं लचांड २००६ चं. लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला आणि १०० मिलीचा नियम आला. परदेशी जाताना प्रत्येक बाटली १०० मिलीपर्यंत, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मोजलं जातं ते भांडं, आतला ऐवज नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी उरलेलं कोकम आगळ जप्तच होणार. आमरस, तूप, लोणचंही याच हिशेबात, ते चेक-इनमध्ये टाका. सुकं खोबरं मात्र तिथेही नको. ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालाच्या यादीत आहे, कारण त्यातलं तेल हवेशी संयोग पावून तापत जातं. घरून गोडा मसाला करायला म्हणून वाट्या बांधून देतात, त्यांना हे कुणी सांगत नाही.

भोपळा मिळालेले दोन मीटर राहिले. पट्टा झडतीच्या रांगेपेक्षा भरभर सरकतो. तुम्ही अलीकडे हात पसरून उभे आणि पलीकडे तुमचं पाकीट उघड्या ट्रेत, हे रोजचं. बायकांच्या बाजूला बूथ कमी असले की आणखी वेळ जातो. पाकीट, घड्याळ, मोबाइल, अंगठ्या ट्रेत सुट्या टाकू नका, जॅकेटच्या खिशात किंवा बॅगेत घालून चेन लावा. आपला नंबर दोन माणसांवर आल्याशिवाय ट्रे पुढे ढकलू नका, मागचा कितीही चुळबुळला तरी. पेसमेकर असेल तर आधी सांगा आणि डिटेक्टर छातीवर धरून ठेवू नये, हाताने तपासावं अशी विनंती करा. गुडघ्याची वाटी बदललेली असेल तर चौकट वाजणारच. डॉक्टरांचं पत्र दाखवल्याने झडती टळत नाही, फक्त बोलणं कमी होतं.

अडकित्ता, स्क्रूड्रायव्हर, लायटर यांपैकी काही हातातल्या बॅगेत निघालं तर जवानाशी वाद घालून उपयोग नाही. लायटर डब्यात टाकून मोकळे व्हा, तो चेक-इनमध्येही चालत नाही. अडकित्ता आजीचा असेल तर मागे जाऊन चेक-इन करता येतो, पण देशांतर्गत काउंटर विमान सुटायच्या साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो.