पहाटेची लढत, पडदा आणि पोहे

इंदूरच्या विजयनगर भागातील एका उपाहारगृहाने उसिक आणि फ्युरी या मुष्टियोद्ध्यांची रियाधमधील जागतिक हेवीवेट अजिंक्यपदाची फेरलढत 22 डिसेंबर 2024 च्या पहाटे मोठ्या पडद्यावर दाखवली. त्याआधी एका निवृत्त प्रशिक्षकांनी केलेले दोघांचे मूल्यमापन हा कार्यक्रमाचा सर्वांत सकस भाग ठरला. डावखुऱ्या उसिकचा पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर पडला की त्याच्या डाव्या ठोशाला सरळ वाट कशी मिळते, हे त्यांनी टेबले सरकवून, एका वेटरला समोर उभे करून दाखवले.

फ्युरीची 206 सेंटीमीटर उंची आणि जवळपास 25 किलो जास्त वजन पाहून त्यांनी कौल त्याच्याच बाजूने दिला. मला तो पटला नाही. कारण मे महिन्यातील पहिल्या लढतीत नवव्या फेरीत उसिकने त्याला दोरांवर ढकलत पंचांना खेळाडू पडल्यावर करतात ती मोजणी करायला लावली होती, आणि वाढलेले वजन उत्तरार्धात पायांना जड जाते. उसिक गुणांवर जिंकेल, असे मी शेजाऱ्यांना सांगितले. तिन्ही परीक्षकांनी त्याला 116-112 असे विजयी ठरवले.

प्रक्षेपण मात्र दोनदा अडकले, तेही ऐन रंगात, आणि व्यवस्थापकांनी साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही. जिरावण मसाला घातलेले पोहे उत्तम होते; चहा गार. प्रवेशशुल्कात नाश्ता धरलेला असल्याने दर वाजवी वाटला.