मॅस्टोडॉन, काही महिने वापरल्यावर: विक्षिप्त मालाला गिऱ्हाईक मिळतं, पण उशिरा

पावसाळ्यापासून मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं, पण अनेक वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं समाजमाध्यम) वापरतोय, तेही एकाच कामासाठी: आकड्यांच्या गमती, संगणकवाल्यांचे विनोद आणि जुन्या कवितेतले चमत्कार लोकांपुढे टाकायला. कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असलं काही टाकलं की दोन हात जोडलेले इमोजी येतात आणि लगेच खाली ‘आज पाणी किती वाजता?’

सगळ्यात जास्त वापरली ती मजकूर झाकायची सोय. ती खरं तर त्रासदायक विषयांसाठी आहे, पण कोड्यांना झकास चालते. फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि पुढे देवळालीला मास्तरकी केलेले गणिती द. रा. कापरेकर १९०५ साली जन्मले. या १९०५ चे चार अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, येईल त्यावर पुन्हा तेच. एवढं वर लिहिलं आणि उत्तर झाकलं: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. तिथून पुढे हलतच नाही. चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर येते. गुरुजींच्या जन्मसालाला सातच्या सात लागतात! एका गृहस्थांनी घरातल्या सगळ्यांची जन्मसालं करून पाठवली. त्यांच्या सासूबाई तीन पायऱ्यांत पोचल्या म्हणे.

फोटोला वर्णन जोडायची इथे रीत आहे, त्याला १५०० अक्षरं मिळतात. न जोडता टाकलात तर कोणीतरी सौम्यपणे टोकतं. सुरुवातीला कंटाळा यायचा. मग सदाशिव पेठेतल्या एका फाटकावरची पाटी टाकली: ‘बेल एकदाच वाजवावी’, आणि ‘एकदाच’खाली दोन रेघा. वर्णन लिहायला फोटो मोठा करून पाहिला, तर रेघांचा रंग वेगळा. म्हणजे पाटी लावूनही कोणीतरी दोनदा वाजवली होती. खरी गंमत तिथेच होती, ती वर्णनात गेली.

आता कुरकुर. मराठी माणसं फार कमी. बारामतीच्या मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणावर ५०० अक्षरांच्या मर्यादेत बसवून लिहिलं: प, फ, ब, भ, म ही ओठ मिटणारी अक्षरं वर्ज्य, म्हणजे रामायणात ‘राम’ म्हणायचीच सोय नाही. चार जणांनी वाचलं असेल. उलट कबुतरांकरवी इंटरनेट पाठवायच्या १ एप्रिल १९९० च्या थट्टेच्या नियमावलीवर इंग्रजीत दोन ओळी टाकल्या, तर रात्रभर फोन वाजत होता. (२००१ मध्ये नॉर्वेच्या बर्गनमध्ये ते खरंच करून पाहिलं गेलं, ९ संदेश पाठवले, ४ चीच उत्तरं आली. आमच्या ब्रॉडबँडवाल्याने मनावर घेऊ नये.)

दुसरं, नुसतं ‘आवडलं’ दाबून पोस्ट पुढे जात नाही. कोणी बूस्ट केली, म्हणजे आपल्या फॉलोअरना पुढे दाखवली, तरच जाते. मजकुरातला शोधही ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच पोस्टमध्ये लागतो, म्हणून हॅशटॅग विसरायचा नाही. गर्दी बरीचशी युरोप-अमेरिकेतली, त्यामुळे मी रात्री जेवण झाल्यावरच टाकतो.

खातं ज्यावर उघडायचं तो सर्व्हर मात्र निवांत पारखून घ्या. नंतर बदललात तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट तिथेच राहतात. मी प्रत्येक पोस्टची प्रत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो.