इलेक्ट्रिक फ्युएल पंपाच्या नावाखाली 545 पाउंड घेतले आणि गाडीत आगीचं सामान ठेवून गेला

यूकेत जुनी गाडी ठेवणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा, मिडलंड्समधल्यांनी तर नक्कीच. त्या माणसाचं नाव टाकत नाही कारण केस करायची आहे, पण त्याने काय केलं ते सगळं सांगतो.

माझी ट्रायम्फ स्पिटफायर 1500 आहे, 1978 ची. इथेच कॉव्हेंट्रीत कॅनलीच्या कारखान्यात बनलेली आणि मी राहतोही कॉव्हेंट्रीतच, त्यामुळे तिच्यावर जरा जास्तच जीव. तिला मूळचा मेकॅनिकल पंप असतो, कॅमशाफ्टवर चालणारा. गाडी काही आठवडे उभी राहिली की कार्बमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं, पेट्रोल उडून जातं, मग स्टार्टर मारत बसा, बॅटरी उतरेपर्यंत. त्यात 2021 पासून इथे साधं पेट्रोल म्हणजे ई10, इथेनॉल मिसळलेलं. जुनं रबर आणि डायफ्रॅम, म्हणजे पंपातला पडदा, त्याच्यात टिकत नाहीत, आणि डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल सरळ सम्पमधे, इंजिनाच्या तळाच्या ऑइलमधे. म्हणून इलेक्ट्रिक पंप बसवायचं ठरवलं. ह्यात काही वेडेपणा नाही, कितीतरी लोक बसवतात.

मला ह्यातलं कळत नव्हतं असंही नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण ‘माहिती नव्हती तर कशाला हात घातलास’ असं ऐकवणारे भेटलेत. ह्या गाडीच्या एसयू कंपनीच्या कार्बना अडीच-तीन पीएसआयच्या (प्रेशर मोजायचं एकक) वर प्रेशर सोसत नाही. पंप टाकीजवळ, म्हणजे डिकीत हवा, कारण हे पंप पुढे ढकलतात चांगलं पण लांबून ओढत नाहीत. रिले हवा, फ्यूज हवा, आणि इनर्शिया स्विच, म्हणजे धडक बसली की पंपाची वीज तोडणारा स्विच, तर हवाच हवा. अपघातात इंजिन बंद पडलं की मेकॅनिकल पंप आपोआप थांबतो, पण इग्निशन चालू असेल तर इलेक्ट्रिक पंप थांबत नाही, फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओततच राहतो. हे सगळं मी त्याला मेसेजमधे लिहून दिलं होतं आणि त्याने अंगठा दाखवून ओके केलं होतं, तो मेसेज आजही माझ्याकडे आहे.

माणूस भेटला एका क्लासिक कारच्या मेळाव्यात. स्वतःची जुनी ट्रायम्फ चकाचक, व्हॅनमधे हत्यारं ओळीने लावलेली, फोनमधे केलेल्या कामांचे फोटो, बोलणं एकदम जाणकाराचं. कोणीही विश्वास ठेवला असता. कोटेशन 485 पाउंड: फॅसेट कंपनीचा कमी प्रेशरचा पंप, प्रेशर आवरणारा रेग्युलेटर, फिल्टर, रिले, इनर्शिया स्विच, इथेनॉल सोसणारा आर 9 पाइप आणि मजुरी. 200 आधी ‘पार्ट्ससाठी’, बाकीचे काम झाल्यावर. मग काम अर्धं झाल्यावर पाइप जास्त लागला म्हणून आणखी 60. एकूण 545.

ते 200 पाठवताना बँकेच्या ॲपने सांगितलं की खात्याचं नाव जुळत नाही. हा तो क्षण. त्याला फोन केला तर म्हणाला, बिझनेसचं खातं बायकोच्या नावावर आहे, सगळ्यांना हाच मेसेज येतो. मागे बाई बोलल्याचा आवाजही आला. मी ऑफिसच्या जिन्यात उभा, मीटिंगला उशीर होत होता, तो म्हणाला पैसे आज आले तर शुक्रवारी काम सुरू, आणि मी बटण दाबलं. आज रात्री झोप लागत नाही ती त्या बटणामुळे. नाव जुळत नसेल तर पैसे पाठवायचे नाहीत, समोरचा कितीही गोड बोलू दे. आणि शक्य असेल तिथे क्रेडिट कार्डच वापरा, शंभर पाउंडांच्या वरच्या खरेदीला इथे कलम 75 खाली कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. कार्ड घेत नाही म्हणाला तर तिथूनच उठा.

काम झाल्यावर जुना पंप आणि नव्याचा खोका मागितला, तर म्हणे रिसायकलिंगला गेला. खोका मागाच, आधी सांगून ठेवा.

नंतर चावी फिरवली की पंपाची टिकटिक यायची ती कमीच व्हायची नाही. खरं तर कार्ब भरले की टिकटिक मंदावते. त्याला विचारलं तर ‘नवीन आहे, बसेल’. मग एका संध्याकाळी ए45 हायवेवर ट्रॅफिकमधे अडकलो, बाजूला माझी बारा वर्षांची मुलगी, आणि ती म्हणाली बाबा पेट्रोलचा वास येतोय. बाजूला घेऊन बोनेट उचललं, स्पिटफायरचं सगळं नाकच वर उचललं जातं, तर मागच्या कार्बमधून पेट्रोल ठिबकत होतं. ह्या इंजिनात कार्ब आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, खाली एक्झॉस्टचं तापलेलं मॅनिफोल्ड. मुलीला आधी लांब उभं केलं. पुढे काय होऊ शकलं असतं ते लिहवत नाही.

दुसऱ्या मेकॅनिकने उघडून दाखवलं. पंप फॅसेटचा नव्हताच, त्याच चौकोनी आकाराची नक्कल, अंगावर ना नाव ना पार्ट नंबर, ऑनलाइन पंधरा-वीस पाउंडात मिळते. रेग्युलेटर नाही. पंप डिकीत नाही, पुढे बल्कहेडला, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला, ठोकलेला. वायर थेट इग्निशन कॉइलवरून, रिले नाही, फ्यूज नाही. आणि इनर्शिया स्विच! तो होता, छान दोन स्क्रूने बसवलेला, वरचं लाल बटणही दिसत होतं. त्याच्या खाली काळी टेप गुंडाळलेली, टेप सोडली तर आत दोन वायरींची तोडलेली टोकं, कशालाच न जोडलेली. विसरला म्हणावं तर टेप कोणी गुंडाळली? फसवायचं म्हणूनच केलेलं काम आहे ते. सगळं काढून नीट बसवायला आणखी 310 पाउंड गेले. म्हणजे 855.

आता दाद कुठे मागायची ते ऐका. बँक म्हणते, तुम्हाला वॉर्निंग दिली होती. 7 ऑक्टोबर 2024 पासून असे फसवून घेतलेले पैसे परत द्यायचा नियम आहे म्हटलं तर म्हणे काम झालंय ना, मग हे फ्रॉड नाही, सिव्हिल डिस्प्यूट आहे. पोलिसांनी रेफरन्स नंबर दिला आणि तेही सिव्हिल म्हणाले. ग्राहक हेल्पलाइनवर ताटकळत बसलो, तिथली बाई गोड बोलली, तक्रार पुढे पाठवते म्हणाली, पण पुढचे लोक तुम्हाला फोन करतीलच असं नाही आणि तुम्हाला त्यांना थेट फोन करता येत नाही. मग करायचं काय? कोर्टात जा म्हणे, स्मॉल क्लेम म्हणजे छोट्या रकमेचा दावा, 855 साठी फी 70 पाउंड. भरतो की! पण क्लेमला समोरच्याचा पत्ता लागतो, आणि बिलावरच्या पत्त्यावर गेलो तर तिथे टायरचं दुकान, त्यांनी ह्याचं नावही ऐकलेलं नाही. खातं कोणाचं, तो माणूस राहतो कुठे, सगळं बँकेला माहीत आहे, पण डेटा प्रोटेक्शन म्हणून सांगणार नाहीत. चोराची प्रायव्हसी सांभाळायला सगळे तयार, माझ्या पोरीच्या जिवाशी खेळ झाला त्याचं कोणालाच काही नाही. व्हॅनच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवत जा, माझ्याकडे नशिबाने एका फोटोत अर्धी आली आहे.

आणखी एक. चाळीस वर्षांच्या वरच्या गाड्यांना इथे एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक सुरक्षा तपासणी, माफ आहे, म्हणजे असलं काम कोणाच्या नजरेलाच पडत नाही. माफ असली तरी वर्षातून एकदा करून घ्या.

गेल्या वर्षभरात पांढऱ्या व्हॅनवाल्याकडून पंप बसवून घेतला असेल तर आजच बघा. चावी ऑन करा, टिकटिक ऐकू येऊ दे, मग इनर्शिया स्विच ब्रॅकेटमधून काढून हातावर जोरात आपटा. पंप तिथल्या तिथे थांबला पाहिजे. नाही थांबला तर गाडी बाहेर काढू नका आणि मला मेसेज करा, बिलाचा फोटो जोडून. एकट्याची तक्रार हे लोक बाजूला टाकतात, चार-पाच जणांची टाकता येणार नाही.