वाचनालयातला पुस्तकचर्चा गट: काही महिन्यांचा अनुभव, आणि प्रतींचा प्रश्न

उन्हाळ्यातली एक बैठक अर्ध्या तासात आटोपली. खोलीत डझनभर माणसं होती आणि पुस्तक पूर्ण वाचलेली तिघंच. बाकीच्यांना आळशी म्हणता येणार नाही. त्या कादंबरीची वाचनालयात एकच प्रत आहे, बाजारात ती मिळत नाही, आणि ज्यांचा नंबर आधी लागला त्यांनीच ती वाचली. त्या दिवशीच ठरवलं होतं की या गटाबद्दल सविस्तर लिहायचं. मध्ये परिस्थिती थोडी बदलली, तेही पुढे येईलच.

गट म्हणजे काय, ते थोडक्यात. महिन्यातून एक शनिवार, दीड तास, आधी ठरलेलं एक पुस्तक. वेगळी फी नाही, वाचनालयाचं सभासदत्व असलं की झालं. आमच्याकडे ५०० रुपये अनामत आहे (ती परत मिळते) आणि महिन्याची वर्गणी ५० रुपये. शहरात या पैशांत दुसरीकडे दोन कॉफ्याही येत नाहीत. पैशांबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता चांगलं आधी सांगते. नागपुरात साहित्याच्या कार्यक्रमांना तोटा नाही. विदर्भ साहित्य संघासारखी १९२३ सालची संस्था इथे आहे, व्याख्यानमाला आहेत, प्रकाशन समारंभ आहेत. पण त्या सगळ्यांत एक जण बोलतो आणि शंभर जण ऐकतात. पाहुणा, शाल-श्रीफळ, भाषण, आभारप्रदर्शन. समोर बसलेल्याला पुस्तकाबद्दल काय वाटलं, हे कुणी विचारत नाही. या गटात माइक नाही, पाहुणा नाही. मेडिकलमधल्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातल्या) एक सिस्टर येतात, अजनीचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका येतात, शेजारच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारा एक मुलगा तासभर सुटी घेऊन येतो. मी कित्येक वर्षं वाचते आहे, पण माझं वाचलेलं कुणी खोडून काढावं आणि मला ते पटावं, हे पहिल्यांदा इथे घडलं.

खोली अभ्यासिकेला लागून आहे, त्यामुळे आवाज चढला की मुलं दार वाजवतात. मे महिन्यात कूलर इतका घोंघावतो की समोरच्याचं नीट ऐकू येत नाही. हे चालवून घेता येतं.

चालवून घेता येत नाही ती प्रतींची गोष्ट. ग्रंथपालांकडे पहिल्यांदा विषय काढला तेव्हा उत्तर मिळालं, "काकू, एकच कॉपी आहे, सांगून राहिलो ना तुम्हाला. नाव लिहून ठेवा." मी तिथेच हिशोब मांडला. पुस्तक एका सभासदाला पंधरा दिवस मिळतं. म्हणजे दोन बैठकींच्या मध्ये दोघांचं वाचून होतं. मुदत सात दिवसांवर आणली तरी चौघांचं. गटात बारा जण असतील तर एका प्रतीवर सगळ्यांचं वाचून व्हायला सहा महिने लागतील. हे न बघता दर महिन्याचं पुस्तक जाहीर करायचं, हा वाचणाऱ्यांवर अन्याय आहे. अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत चर्चा गटांसाठी एकाच पुस्तकाच्या आठ-दहा प्रती आणि चर्चेचे प्रश्न एका पिशवीत घालून ती पिशवीच गटाला देतात. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, हे मला मान्य आहे. आपली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं संस्थांनी चालवलेली, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता घेतलेली. अ, ब, क, ड असा जो वर्ग असेल त्याप्रमाणे त्यांना अनुदान मिळतं. त्यातच पगार आणि त्यातच पुस्तकं. एका पुस्तकाच्या बारा प्रती घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण पाच?

कुणीतरी झेरॉक्स सुचवलं. पानाला दोन रुपये धरले तर २०० पानांच्या पुस्तकाचे ४०० रुपये होतात, आणि तेच पुस्तक दुकानात २५० ला मिळतं. शिवाय ज्याचे हक्क शाबूत आहेत असं अख्खं पुस्तक डझनभर माणसांनी झेरॉक्स करून वाटून घेणं मला पटत नाही, कायद्यातही बसत नाही. पण याच निमित्तानं १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचला आणि उपयोगी माहिती हाती लागली. पुस्तक भारतात विकत मिळत नसेल, तर बिगर-व्यावसायिक सार्वजनिक वाचनालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करून घेता येतात. कलम ५२ मध्ये ही सवलत आहे. उन्हाळ्यातली ती कादंबरी नेमकी यात बसत होती. एकाच्या चार प्रती झाल्या असत्या! मी हे छापून नेऊन दिलं. कार्यकारिणीपुढे ठेवू असं उत्तर आलं. अजून ठेवलेलं नाही, आणि याचा मला राग आहे.

इथपर्यंतचं माझं मत पाचापैकी दोन गुणांचं होतं.

पावसाळ्यात ते बदललं. गटातच ठरलं की काही महिने ज्यांचे हक्क संपलेत तीच पुस्तकं घ्यायची. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांसाठी मोकळं होतं. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये गेले, म्हणून 'पण लक्षात कोण घेतो?' घेतली. कुणी मोबाइलवर उतरवून घेतली, कुणी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जुन्या पुस्तकांत शोधली, वाचनालयाची प्रत डोळ्यांना त्रास असलेल्यांसाठी राखून ठेवली. कादंबरी मोठी आहे, पण 'करमणूक' साप्ताहिकात ती आलीच होती हप्त्याहप्त्यानं, १८९० पासून. आम्हीही तिचे भाग पाडले. दर बैठकीला एक भाग, आणि सुरुवातीची वीस मिनिटं कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. मोठ्यानं वाचण्याला माझा विरोध होता, दीड तासातली वीस मिनिटं जातात म्हणून. आता तो भाग चुकू नये म्हणून मी वेळेआधी जाते.

कादंबरीची विधवा नायिका यमुना, तिच्या केशवपनाचा (डोकं भादरण्याचा) भाग वाचून झाला तेव्हा ऐंशीच्या पुढच्या एक आजी बोलायला लागल्या. त्यांनी स्वतःच्या आजीला लाल अलवणात, म्हणजे विधवेच्या लुगड्यात, पाहिलं होतं. न्हावी मागच्या दारानं यायचा, मुलांना माडीवर पाठवायचे, असं त्यांनी सांगितलं. मग सिस्टर म्हणाल्या, आमच्या वॉर्डात आजही नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या नातेवाईक तिथल्या तिथे उतरवतात. अभ्यासिकेतला मुलगा ही कादंबरी परीक्षेपुरती, नाव आणि लेखक एवढीच, ओळखत होता. त्या दिवशी तो पूर्ण दीड तास बसला आणि पुढचा भाग त्यानंच वाचला. सगळ्यांच्या हातात पुस्तक असलं की काय होतं, ते मला तेव्हा दिसलं. तिघांनीच वाचलेल्या पुस्तकावर ही बैठक झाली नसती.

म्हणून आज चार गुण देते. एक कापला, कारण हा मार्ग सभासदांनी शोधला, वाचनालयानं नाही. आणि तो पुरणाराही नाही. हयात लेखक, गेल्या पन्नास वर्षांतलं दलित साहित्य, आजच्या बायकांचं लेखन यातलं काहीच हक्कमुक्त नाही. कायम जुनंच वाचायचं असेल तर तो मुलगा किती दिवस येईल?

माझी मागणी साधी आहे. पुढच्या चार पुस्तकांची यादी आत्ताच फलकावर लावा, म्हणजे ज्यांना परवडतं ते विकत घेतील आणि बाकीच्यांना वाचनालयाची प्रत मिळेल. निवडलेल्या पुस्तकाच्या पाच प्रती घ्या. चर्चा झाली की त्या कपाटात जातीलच, वाया जाणार नाहीत. आणि तीन प्रतींचा तो कागद कार्यकारिणीपुढे ठेवा.

ऑक्टोबरसाठी आम्ही 'मूकनायक' या पाक्षिकातले बाबासाहेबांचे अग्रलेख ठरवले आहेत. १९२० सालचं लेखन, मुळातच मराठीत, त्यामुळे अनुवादाच्या वेगळ्या हक्कांचा प्रश्न नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथून प्रती घ्यायच्या असं ठरलंय. ज्यांना यायचं आहे त्यांनी त्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. बैठक त्यानंतरच्या शनिवारी, संध्याकाळी पाचला. पिण्याचं पाणी घरून आणा, तिथला वॉटर कूलर बंद आहे.