महिंद्राची जीप : एमएम ५४० आणि थार, घरातल्या दोन गाड्यांचा अनुभव

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, राजूरच्या पुढे, आमची भातशेती आहे. डांबरी सडक सोडल्यावर शेतघरापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर रस्ता मुरमाचा आहे. त्यात एक ओढा लागतो आणि ओढ्यानंतर लगेच उभा चढ. पाऊस एकदा बसला की दिवाळीच्या आसपासपर्यंत त्या वाटेने साधी मोटार नेता येत नाही. या दीड किलोमीटरसाठी आमच्या घरात जवळजवळ तीस वर्षे महिंद्राची जीप आहे. पहिली वडिलांनी एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली एमएम ५४०, आणि २०२१ पासून तिच्या जोडीला डिझेल थार. थार घ्यावी का, असे मला पुष्कळ जण विचारतात आणि त्यांतल्या बहुतेकांना शहरातल्या वापरापुरतेच उत्तर हवे असते. माझा अनुभव मात्र चिखलाचा, चढाचा आणि ओझ्याचा आहे, त्यामुळे जे लिहितो ते त्याच बाजूने.

मराठीत जीप हे एका कंपनीचे नाव कधीच नव्हते. तहसीलदारांची जीप, फौजदारांची जीप, प्रचाराची जीप, बाजारच्या दिवशी माणसांनी भरून धावणारी वडापची जीप, असे आपण सर्रास म्हणतो आणि त्यातली गाडी कोणाच्या कारखान्यातली, हे कोणी विचारत नाही. मूळ गाडी मात्र युद्धाची. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांकडे प्रस्ताव मागितले. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने तयार करून दिला, पण मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याचे काम टोलेडोच्या विलिज-ओव्हरलँडकडे आणि फोर्डकडे गेले. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. विलिजचे इंजिन ६० अश्वशक्तीचे होते. आजच्या हिशेबाने ही ताकद किरकोळ वाटेल, परंतु गाडी हलकी होती, चारही चाकांना जोर मिळत होता आणि सोबत लो गिअर, म्हणजे वेग कमी ठेवून जोर वाढवणारा गिअर, होता. पुढच्या सगळ्या जीपगाड्यांचे मर्म या तीन गोष्टींत आहे, आणि आमच्या ओढ्यानंतरच्या चढावरही शेवटी त्याच उपयोगी पडतात.

महिंद्रा घराण्याचा व्यवसाय सुरू झाला तो पोलादाच्या व्यापारातून. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्या भागीदारीत ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. कैलाशचंद्र युद्धकाळात भारताच्या खरेदी मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते आणि जीप त्यांनी तिथे जवळून पाहिली होती. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिजच्या सुट्या भागांतून जीप जोडण्याचे काम सुरू झाले, आणि पन्नासच्या दशकात भाग आयात करून जोडण्याच्या पुढे जाऊन गाडी इथेच बनवण्याकडे वाटचाल सुरू झाली.

आपल्याकडची जुनी जीप अमेरिकी चित्रांतल्या जीपपेक्षा उंच नाकाची का दिसते, याचे कारण मला फार आवडते. विलिजने १९५३ च्या सुमारास सीजे-३बी हे मॉडेल आणले. त्यातल्या नव्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. या रचनेने इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचलले गेले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले. भारतात मात्र तोच चेहरा पुढे कित्येक दशके राहिला. आतले पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल आले, नावे बदलत गेली, पण उंच बॉनेट तसेच राहिले. आमच्या एमएम ५४० चे बॉनेटही तसेच आहे आणि त्याखाली २.१ लिटरचे प्युजो बनावटीचे डिझेल इंजिन आहे.

या वारशावरून अलीकडे वादही झाला. महिंद्राने अमेरिकेत विकायला आणलेल्या ‘रॉक्सर’ या शेतावरच्या गाडीचे रूप आपल्या जीपशी फार मिळतेजुळते आहे, अशी तक्रार तेव्हा जीप हे नाव ज्या कंपनीकडे होते त्या फियाट-क्रायसलरने २०१८ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली. २०२० मध्ये निर्णय महिंद्राच्या विरोधात गेला आणि गाडीचा चेहरा बदलावा लागला. आज जीप हे नाव ज्या कंपनीकडे आहे तिच्या कंपास आणि रँग्लर या गाड्या पुण्याजवळ रांजणगावला तयार होतात, आणि थार नाशिकला. एकाच आजोबांची दोन नातवंडे एकाच राज्यात, काही तासांच्या अंतरावर राहावीत, असा हा योग आहे.

आता अनुभवाकडे वळतो. एमएम ५४० ला पुढे-मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल (डावे-उजवे चाक जोडणारा एकच दांडा) आणि पाटे (एकावर एक पानांच्या स्प्रिंगा) आहेत, पॉवर स्टिअरिंग नाही, मागची बाके समोरासमोर आडवी आहेत आणि वर कापडी हूड. वेगात ती कधीच सुखाची नव्हती. ताशी साठच्या पुढे तिला पळवण्यात अर्थ नाही. पण या गाडीत समजणार नाही असे काही नाही. वडिलांनी मला सोळाव्या वर्षी पहिल्यांदा शिकवले ते गाडी चालवायला नव्हे, तर डिझेल संपू दिल्यावर पाइपात धरलेली हवा काढायला: फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा, हातपंप दाबत राहायचा, आधी फेसाळ बुडबुडे येतात, ते थांबून सलग धार लागली की पंप दाबलेला असतानाच स्क्रू कसायचा. हे काम मी भर पावसात, छत्री दातांत धरून केलेले आहे. पाट्यांचे पान तुटले, बुश झिजले, क्लच प्लेट संपली, तर राजूर-अकोल्यातला मिस्त्री ते करतो आणि सुटे भाग संगमनेरला मिळतात. तीस वर्षांत या गाडीसाठी आम्हाला कधी संगणक लावावा लागला नाही. खेड्यात गाडीचे आयुष्य तिच्या इंजिनाइतकेच जवळच्या मिस्त्रीवर अवलंबून असते आणि या कसोटीवर मला एमएम ५४० च्या तोडीची दुसरी गाडी माहीत नाही.

थार हे नाव पहिल्यांदा २०१० मध्ये आले. त्या पिढीत पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाकाला धक्के झेलणारी वेगळी रचना, आणि मागे पाटे होते. सध्याची पिढी १५ ऑगस्ट २०२० रोजी दाखवली गेली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, म्हणजे कंपनीच्या स्थापनेच्या तारखेलाच, बाजारात आली. पाच दारांची थार रॉक्स २०२४ मध्ये आली. ती मी थोडीच चालवली आहे, म्हणून तिच्याबद्दल इथे लिहीत नाही. माझी गाडी तीन दारांची, कडक छताची, २.२ लिटर डिझेल इंजिनाची, १३० अश्वशक्तीची आणि हाताने गिअर बदलायची आहे. जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आणि पाण्यात उतरण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिली आहे. हा आकडा वाचून पुष्कळांना धीर चढतो. माझा नियम असा की ओढ्यात आधी स्वतः काठी घेऊन चालत जायचे; गुडघ्याच्या वर पाणी असेल किंवा पायाखालचा दगड सरकत असेल तर गाडी अलीकडेच ठेवायची. वाहत्या पाण्याचा जोर कंपनीच्या आकड्यात धरलेला नसतो.

या गाडीची खरी किंमत ज्यात आहे तो भाग म्हणजे मुख्य गिअरच्या शेजारचा छोटा दांडा. त्यावर टू-हाय (दोनच चाकांना जोर), फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीचे गिअर), न्यूट्रल आणि फोर-लो (चारही चाकांना जोर, लो गिअर) असे चार टप्पे आहेत. चढाच्या पायथ्याशी मी गाडी पूर्ण थांबवतो, मुख्य गिअर न्यूट्रलला घेतो, क्लच दाबून दांडा फोर-लोमध्ये ओढतो आणि मग पहिला टाकतो. त्यानंतर अ‍ॅक्सिलरेटरला जवळजवळ हात, म्हणजे पाय, लावावा लागत नाही. ट्रॉलीला जुंपलेला ट्रॅक्टर चालावा तशी गाडी पावलाच्या वेगाने वर सरकते, आणि चाकाखालचा दगड कधी निसटला आणि कधी धरला, हे स्टिअरिंगमधून हाताला कळते. उतरताना हाच गिअर ब्रेकचे काम करतो. एक मागचे चाक हवेत फिरू लागले की मागचे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरचा भाग) ‘टक’ असा आवाज करून आपोआप लॉक होते आणि जमिनीवरच्या चाकाला जोर मिळतो. नवख्यांची चूक अशी की ते रुतल्यावर फोर-लो लावतात. तोवर चाकांनी स्वतःसाठी खड्डा खणलेला असतो. पहिल्या पावसाळ्यात माझीही गाडी याच कारणाने अडकली आणि शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. त्यात दोष पूर्णपणे माझा होता.

याच्या उलट चूकही तितकीच महाग पडते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा जोर लावून वळणे घेऊ नयेत. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. या गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलना जोडणारा दुवा तो फरक पोटात घेत नाही, मग ताण गिअर आणि शाफ्टवर साचत जातो. चिखलात चाके थोडी घसरून हा ताण सोडून देतात, डांबरावर सोडत नाहीत. गाडी विकणाऱ्याने पहिल्या दिवशी ग्राहकाला शेजारी बसवून हे सांगितलेच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

गाडी घेतल्यावर वर्षभरात मी एका दुकानातून मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवून घेतले. गाडी दिसायला रुबाबदार झाली, परंतु पूर्ण वळण घेतल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू लागले, चढावर इंजिन दमल्यासारखे वाटू लागले, आणि चाकाचा घेर वाढल्यामुळे काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागला. दुकानदाराने यातले काहीही आधी सांगितले नव्हते. चार महिन्यांनी मी मूळ २५५/६५ आर १८ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घातले आणि सगळे पूर्ववत झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीत मनमानी बदल करता येत नाहीत, हेही तेव्हाच नीट वाचले. शेताच्या वाटेला लागताना हवा थोडी कमी करणे आणि परतल्यावर पंपाने पुन्हा भरणे, एवढ्यानेच पकड कितीतरी वाढते. त्यासाठी मोठ्या टायरची गरज नाही.

रोजच्या वापरात थारमध्ये लिटरभर डिझेलमागे मला ११ ते १३ किलोमीटर मिळतात, चढाच्या दिवसांत त्याहून कमी. पुणे-नाशिक रस्त्यावर गाडी जुन्या जीपच्या मानाने फारच शांत आहे, मात्र तुटक रस्त्यावर मागे बसणाऱ्याला उसळ्या जाणवतात. मागे जायचे तर पुढची सीट दुमडून वाकून आत शिरावे लागते, मागच्या खिडक्या उघडत नाहीत आणि सामानाला जागा दोन पिशव्यांपुरती आहे. या उणिवा रचनेच्या आहेत, त्यामुळे त्या दुरुस्त होण्याची वाट पाहू नये. परवडत असतील तरच ही गाडी घ्यावी. चिखलाने भरलेली फरशी नळीने धुऊन तळाची बुचे काढली की पाणी निघून जाते, ही सोय मला पडद्यावरच्या सगळ्या सोयींपेक्षा मोलाची वाटते.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र थार जुन्या जीपची वारस नाही. इंजिनाचा दिवा लागला तर आमचा मिस्त्री बॉनेट उघडून मान हलवतो आणि गाडी शहरात न्यावी लागते. याची हळहळ मला वाटते. तरी दुसरी बाजू अशी की नोव्हेंबर २०२० मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत या थारला मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी प्रत्येकी चार तारे मिळाले, आणि एमएम ५४० मध्ये अपघात झाला तर आडव्या बाकावरच्या माणसाला धरायला एक लोखंडी नळी तेवढी आहे. मुले शाळेला जातात ती थारमध्ये. खताची पोती, भाताची रोपे आणि कुंपणाचे खांब जुन्या जीपमध्ये जातात.

आईला थारमध्ये चढताना पाय फार वर उचलावा लागतो, म्हणून राजूरच्या वेल्डिंगवाल्याकडून एक सुटी लोखंडी पायरी करून घेतली आहे. ती चालकाच्या सीटमागे राहते. जिला ही पायरी लागते ती व्यक्ती घरात असेल, तर गाडी पाहायला जाताना तिला सोबत न्यावे, आधी मागच्या सीटवर बसवावे, अर्धा तास खडबडीत रस्त्यावर फिरवावे, आणि मगच बुकिंगचे पैसे भरावेत.